गोजरअक्काची फांदी

पोळा होऊन गेला होता. मी सावद्याला मुलाच्या घरी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होते, तेव्हा फोन आला. माझे हात पिठात, म्हणून सुनेनं तो माझ्या कानाला धरला. पलीकडे आमच्या गावचा दगडूआबा. जन्मभर शेळ्या राखल्यामुळे हा माणूस फोनवरही डोंगराच्या त्या टोकाला हाक मारल्यासारखा बोलतो. "वहिनी, अक्का गेली. सकाळी चहा घेतला, आन् बसल्या बसल्या गेली." मी काही बोलायच्या आत त्यानं दम घेतला आणि विचारलं, "मंग... आता बंदी उठली का?"

माझं डोकं फिरलं. अक्का म्हणजे माझी नणंद, गोजर. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि गावामागच्या डोंगरावर कुऱ्हाड, कोयता, शेळी असं काहीही चढू द्यायचं नाही, ही बंदी तिची. तिच्यापायी इतकी वर्षं दगडूच्या शेळ्या बांधाबांधानं पाला खात फिरल्या. म्हणजे बाई अजून ओट्यावर निजलेली आणि याला शेळ्यांची घाई! मी म्हणाले, "मी येईपर्यंत बंदी आहे. एक शेळी वर गेली तर तुझं तंगडं मोडीन." तो म्हणाला, "शेळ्यांचं नाही वो, वहिनी..." पुढचं मी ऐकलंच नाही. सुनेला सांगितलं, ठेव तो फोन.

मग पीठ झाकलं, हात धुतले. सून माझ्याकडे बघत होती, सासू आता रडेल म्हणून. मी तिला विचारलं, दुकान उघडलं असेल का? विधवा असो, सवाष्ण असो, बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि अक्काचं माहेर म्हणायला आता मीच उरले होते. वाटेत लुगडं घेतलं. दुकानदारानं विचारलं, कसं दाखवू? मी म्हणाले, रुंद दाखवा.

गोजरअक्का माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्यांना सगळे नाना म्हणत. ते जाऊनही काही वर्षं झाली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा अक्का लग्न होऊन धुळ्याला, देवपुरात नांदत होती. तिकडच्या माणसांत राहून तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'सगळा'च्या जागी 'बठ्ठा' आले ते कायमचे. आमच्या बाजूची बोली वेगळी. ती बोलायला लागली की आमच्या गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. तिला तशी कशाचीच लाज नव्हती. अंगानं ती लहानपणापासून दणकट होती आणि वयाबरोबर दणकटपणा वाढतच गेला. एसटीत ती बसली की शेजारचा माणूस पुढच्या थांब्यावर दुसरी जागा शोधायचा.

आमच्याकडे लेक दिवाळीला आली नाही तरी एक वेळ चालतं, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायलाच हवी. खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, गौराईची गाणी आणि झोका. त्यातला झोका हा अक्काचा. डोंगराच्या पायथ्याला अंजनाचं एक जुनं झाड होतं, त्याच्या आडव्या फांदीला गावाचा झोका बांधत. अक्का धुळ्याहून उतरली की घरात पाणी प्यायच्या आधी पिशवी माझ्या अंगावर टाकायची आणि तिकडे निघायची. ती बसली की बाकीच्या पोरी लांब उभ्या राहायच्या. फांदी करकरायची, खाली यायची, वर जायची. अंजन वाकतो, मोडत नाही. अक्का वरून ओरडायची, "द्वारके, ये व! भ्यासी काय?" मला झोक्यावर चक्कर येते, तेव्हाही यायची. मी पिशवी घेऊन उभी. तिला माझी ही गोष्ट कधी पटली नाही. माणसाला झोका आवडत नाही म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी दुखत असलं पाहिजे, असं तिचं मत होतं.

ते झाड पुढे गेलं. कुणी तोडलं असं विचारलं तर सगळ्यांनीच. केळीचा घड भरला की झाड ओझ्यानं झुकतं, त्याला टेकू लागतो. बांबू विकत मिळायला लागले ते नंतर. आधी लोक डोंगरावरून आणायचे. कुणी टेकूला नेलं, कुणी चुलीला नेलं, उरलं ते शेळ्यांनी खाल्लं. डोंगर हळूहळू न्हाव्याकडून आल्यासारखा दिसायला लागला. आम्ही रोज बघत होतो, म्हणून आम्हाला दिसलं नाही. अक्का तेव्हा नवऱ्याच्या आजारपणात अडकलेली, काही वर्षं आखाजीला आली नाही. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती कायमची माहेरी आली. आली ती नेमकी आखाजीच्या तोंडावर. पोरींनी झोका पाण्याच्या टाकीखालच्या लोखंडी नळाला बांधला होता. अक्कानं तो बघितला. मग डोंगर बघितला.

"हाई काय शे? बठ्ठा डोंगर कथा गया?"

दगडू शेळ्या घेऊन चालला होता. तो म्हणाला, "डोंगर तठीच हाये, अक्का. झाडं तेवढी गेली."

ती मला घेऊन त्या अंजनाच्या जागी गेली. बुडखा उरला होता. ती त्यावर बसली, तर बुडख्याच्या कडेनं बारीक तांबूस फुटवे आलेले, आणि प्रत्येकाचा शेंडा शेळीनं खुडलेला. तिनं एकेका फुटव्याला हात लावून बघितला. मला वाटलं आता रडेल; नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. ती म्हणाली, "जित्तं शे. द्वारके, मी ह्याच झाडावर झोका खाईसनच मरसू!" मी तिच्याकडे पाहिलं, त्या करंगळीएवढ्या फुटव्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे अक्का, तुम्ही काही लवकर जात नाही." अंजन आधी खाली मुळं सोडतो आणि वर मनाला येईल तेव्हा येतो. आमच्याकडे कामचुकार पोराला म्हणतात, अंजनासारखा वाढतोय.

तर एवढंच होतं ते. पुढे तिला हार घालायला लोक आले, भाषणं झाली, पर्यावरण वगैरे शब्द तिच्या नावापुढे लागले. एका साहेबांनी माईकवर विचारलं, अक्का, तुम्हाला ही प्रेरणा कुठून मिळाली? ती म्हणाली, "झोका खावाना व्हता." सगळे हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे.

पहिल्या वर्षी तिनं बुडख्याभोवती काट्यांचं कुंपण केलं. फुटवे कमरेएवढे झाले. मग पावसाळ्यानंतर तिला देवपूरच्या घराचं काही काम निघालं, ती धुळ्याला गेली आणि जाताना भावाला सांगून गेली, झाडावर लक्ष ठेव. नाना मुळात भला माणूस आणि पक्का केळीवाला. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. ती वेळेवर कापली नाहीत तर मूळ झाडाचं खातात, घड बारीक होतो. हे नानांच्या हाताला इतकं माहीत होतं की डोक्याला विचारायची गरजच नव्हती. ते विळा घेऊन गेले आणि बुडख्याभोवतीचे सगळे फुटवे जमिनीलगत साफ कापून आले. वर शेण घातलं. पाणी घातलं. अक्का परत आली तेव्हा हे मोठ्या तोंडानं सांगायला पुढे झाले, "अक्का, पिलं काढून टाकली. आता मूळ झाड जोर धरीन!"

अक्का म्हणाली, "नाना, मूळ झाड कोनतं रे?"

नानांनी बुडख्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, जिथं झाड असायला हवं होतं तिकडे. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मी मांडे करायच्या कामाची, झाडाच्या नाही. त्या दिवसापासून पुढच्या आखाजीपर्यंत अक्का सख्ख्या भावाशी बोलली नाही. एका घरात, एका चुलीवर. ते हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि ती मला सांगायची, "द्वारके, तुह्या नवऱ्याले सांग, चहा थंडा व्हई राहिना." मी सांगायची, चहा थंड होतोय. ते म्हणायचे, तिला सांग, पितो. हे सांगण्यात माझं वर्ष गेलं. पण एक गोष्ट नानांच्या बाजूनंही लिहायला हवी. पुढच्या पावसाळ्यात त्या बुडख्यातून जे फुटवे आले ते आधीपेक्षा जोमदार होते. अक्कानं हे कधी मान्य केलं नाही. नानांनी मरेपर्यंत दर वर्षी एकदा तरी हा विषय काढला.

काट्यांचं कुंपण शेळीला कळत नाही. एक बुडखा वाचवायचा तर शेळ्या थांबवायला हव्यात, आणि शेळ्या थांबवायच्या तर सगळा डोंगरच बंद करायला हवा, हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. लोकांना वाटतं तिनं डोंगरासाठी झाड राखलं. तसं नाही, एका झाडासाठी तिला डोंगर राखावा लागला. जंगल खात्याचा गार्ड म्हणाला, अक्का, हा डोंगर अभयारण्याला लागूनच आहे, तोडायला तशीही बंदी आहे. खरं होतं. पण ती बंदी कागदावर होती आणि अक्का पायथ्याशी खाट टाकून बसली होती, एवढाच फरक.

गावाच्या बैठकीत नियम ठरले. डोंगरावर शेळी न्यायची नाही. कुऱ्हाड, कोयता, पाला ओढायची आकडी न्यायची नाही, आणि दोरही नाही. कारण वर दोर घेऊन जाणारा माणूस मोळी बांधायलाच जातो. दसऱ्यानंतर वाळलेलं गवत घरटी कापायचं, पण तेही फडक्यात नाहीतर जुन्या लुगड्यात बांधून खाली आणायचं. कुणी म्हणालं, मोडला नियम तर? दंड आमच्या गावात कुणी भरत नाही. तेव्हा अक्कानं शिक्षा काढली. आखाजीला गौराई बोळवायला नदीवर जाताना वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या बायका एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. जुनी रीत आहे, कुणी मनावर घेत नाही. अक्का म्हणाली, एकमेकींना कशाला? ज्यानं डोंगरावर नियम मोडला त्याला मधे बसवायचं आणि दोन्ही आळ्यांनी मिळून त्याला द्यायच्या. बायकांनी इतक्या पटकन हात वर केले की पुरुषांना बोलायला सवडच राहिली नाही.

पहिल्या वर्षी दगडू बसला. दुसऱ्या वर्षीही दगडू. एकदा शेळ्यांपायी, एकदा आकडीपायी. ती आकडी अक्कानं जप्त केली आणि पुढे तिच्यावर लुगडी वाळत घालायची. "शेळीले दाढी, दगडूले दाढी, अक्कल दोघांतून कोनाले?" हे त्या वेळी रचलेलं अजून पोरं म्हणतात. सगळ्यांत मोठा आवाज त्याच्या बायकोचा. ती घरातल्याही गोष्टी घालायची. तिसऱ्यांदा मात्र मला त्याची दया आली. चुकलेलं करडू बांधून आणायला बिचारा हातभर दोर घेऊन वर गेला होता. त्यानं परोपरीनं सांगितलं, अक्का, मोळीसाठी नव्हता. अक्का म्हणाली, "दोर म्हंजे दोर." हे शब्द दगडूनं जपून ठेवले.

डोंगर सुधारला. आधी गवत आलं, मग जुन्या बुडख्यांतून अंजन, सालई, टेंभुर्णी आपोआप वर निघाली. लावायला फारसं काही लागलंच नाही. खालचा नाला पूर्वी दिवाळीला कोरडा पडायचा, तो होळीपर्यंत वाहायला लागला. हे सगळे लिहितात. पण रानडुकरंही आली, आणि ती आमच्या केळीत आली, हे कुणी लिहीत नाही. एका रात्रीत त्यांनी माझ्या मुलाचं वावर नांगरून दिलं. मी अक्काला म्हणाले, घ्या, तुमचे पाहुणे जेवून गेले. ती म्हणाली, "त्यास्नं घर आपनच मोडं व्हतं." बिबट्या आला आणि दगडूची शेळी उचलून घेऊन गेला, तेव्हा तर बाईनं गावात साखर वाटली. डोंगर बरा झाल्याशिवाय बिबट्या येत नाही म्हणे. दगडूच्या दारातही साखर घेऊन गेली. त्याच्या बायकोनं काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

आणि ते झाड. अक्कानं दोनच फुटवे ठेवले होते, त्यांतला एक भरला. दर आखाजीला ती मला घेऊन जायची. फांदी आडवी सुटली, मनगटाएवढी झाली, दंडाएवढी झाली. ती मला म्हणायची, लोंबकळून बघ. मी लोंबकळायची. फांदी हलायची नाही. अक्का म्हणायची, "तू सुतळीसारखी. तुह्यावरून काय समजी?" एकदा जळगावच्या डॉक्टरनं तिला वजन कमी करायला सांगितलं. मीही म्हणाले, अक्का, फांदी जाड व्हायची वाट बघता, त्यापेक्षा तुम्ही थोडं बारीक व्हा, मधे कुठेतरी गाठ पडेल. ती रागानं जेवायची थांबली. संध्याकाळपर्यंत.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत तिचे पाय सुजायला लागले. डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाताना ती चार ठिकाणी बसायची. तोंडानं काही बोलायची नाही, पण फांदीकडे बघायची तेव्हा घड उतरवायच्या दिवसांत आपण केळीकडे बघतो तसं बघायची... आज की उद्या? मलाही हिशेब कळत होता. फांदी वाढतेय आणि ही उतरतेय. कुणाचं आधी होतं एवढाच प्रश्न.

या आखाजीला मी सावद्याहून गावी आले होते. आदल्या दिवशी तिनं मला न सांगता ठरवलं. नाना वापरायचे तो विहिरीचा जाड दोर काढला, खांद्यावर वेटोळं घातलं आणि भर दुपारी काठी टेकत निघाली. पायथ्याशी दगडू बांधावर शेळ्यांना पाला घालत होता. तो उठला. शांतपणे वाटेत आडवा आला.

"अक्का, हे काय हाये?"

"झोकाना शे रे. मोळी बांधाना नही."

"दोर म्हंजे दोर," दगडू म्हणाला.

मला हे कळायला वेळ लागला नाही, कारण हाक मारायचा त्याचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. सगळं गाव गोळा झालं. मी पोचले तेव्हा अक्का दगडावर बसलेली, दोर मांडीवर, आणि तोंड असं की चोर पकडला गेला म्हणून नव्हे, नियम आपणच केला म्हणून चिडलेली. सरपंच म्हणाला, जाऊ द्या, अक्काची गोष्ट वेगळी. तीच कडाडली, "काबर वेगयी? मले सोडं तं उद्या बठ्ठा गाव दोर लई जाई!"

दुसऱ्या दिवशी नदीवर तिला मधे बसवलं. बायकांना धीर होईना. म्हातारी, आजारी बाई, तिला कसं बोलायचं? कुणीतरी कुजबुजल्यासारखं काही म्हटलं. अक्का खेकसली, "मोठ्यानं! दगडूना टाइमले कसा आवाज निघे?" मग दगडूच्या बायकोनं सुरुवात केली: "अक्का बसली गाडीवर, बैल म्हने मी उतरतो!" आणि बांध फुटला. मी म्हणणार नव्हते काही. पण सून म्हणून आल्यापासूनचं माझ्याकडे बरंच साचलेलं होतं. "अक्का उभी अंगनात, गाव म्हने ढग आला!" हे माझं. अक्का हसता हसता खोकायला लागली, खोकता खोकता बोटानं मला खुणावत होती, अजून एक, अजून एक. नणंद-भावजयीत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या दिवशी सुरात निघालं. तिनंही बसल्या जागेवरून मला दोन दिल्या. त्या इथे लिहीत नाही.

शिक्षा झाली, पण झोका राहिलाच.  साखळी वापरू म्हटलं तर म्हणाली, साखळीनं साल सोलून निघेल. सकाळी मी माझं एक लुगडं काढलं. जाडंभरडं, नऊवारी, मुलाच्या लग्नात आलेलं. मला कधी नेसवलं नाही, आणि तिची लुगडी तर विरलेली. ते काखेत घेऊन तिला उठवलं. पायथ्याशी दगडू होताच. त्यानं लुगडं बघितलं, विचार केला, आणि निकाल दिला, "लुगड्याले मनाई नाही. गवताले आपन नेतोच." मग स्वतःच आमच्या घरी जाऊन आपली जप्त आकडी घेऊन आला आणि तिच्या टोकानं लुगडं फांदीवरून टाकलं. आकडीचं काय, असं मी त्याला विचारलं नाही. अक्कानंही नाही.

गाठ मारली. अक्का बसली. फांदी खाली आली... आणखी खाली आली... आणि अक्काचे पाय जमिनीला लागले. ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून. मी म्हणाले, "अक्का, याला झोका म्हणत नाहीत, याला पाट म्हणतात." तिनं डोळे उघडले. "वरती बांध ना मंग!" पुन्हा गाठ वर घेतली. तिला वर बसवायला मी आणि दगडू असे दोघे लागलो. या वेळी पाय सुटले. वैशाखात अंजनाला कोवळी तांबूस पालवी असते, तिची दोन-चार पानं तिच्या डोक्यावर पडली. फांदीनं मोठ्यानं आवाज केला आणि मी मनात म्हटलं, गेली बाई! फांदी नाही मोडली. "ढकल ना रे दगडू!" तो म्हणाला, "अक्का, मी शेळ्या हाकल्या, म्हशी नाही." आणि ढकललं. ती गेली, आली. गेली, आली. तिचे सुजलेले पाय माझ्या तोंडापुढून जात होते. ती ओरडली नाही, गायली नाही. मग पुरे म्हणाली.

उतरल्यावर तिनं आधी लुगड्याखालची साल हातानं चाचपून बघितली. मग मला म्हणाली, "खरचटं नही. आते पुढला सालले पोरीस्ले बसाडजो. पन पहिले तपासी लेजो." मी म्हणाले, घरी चला, वरण लावायचंय.

तर मी त्या दिवशी गावात पोचले. माझ्या मुलाच्या गाडीत केळीचे टेकू होते, त्याच बांबूंची तिरडी झाली. दोनानं भागेना, चार लागले. टेकूंवरून जन्मभर भांडली आणि टेकूंवरूनच गेली. पण सरणाचं लाकूड नव्हतं. भादव्याचे दिवस, सगळीकडे ओल, गावात वाळलेलं असं काही नाही. तरणी माणसं कुऱ्हाडी घेऊन डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. म्हणत होती, तिचाच डोंगर, तिच्यासाठी एक वाळकं झाड काढलं तर कुणाचं काय जातं? आणि त्यांच्यापुढे वाटेत दगडू आडवा, जप्तीतली आकडी धरून. "वहिनी आल्याबिगर नाही. मी सकाळीच फोनवर इचारलं, बंदी उठली का. त्या नाही म्हनल्या."

माझ्याकडे सगळे बघायला लागले. सकाळी त्यानं काय विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. मनातल्या मनात मी त्याला वाटभर जे म्हणत आले होते ते मनातच राहू दिलं. म्हणाले, "उठली नाही. तिच्यासाठीही नाही." दगडू मान हलवून निघाला आणि स्वतःच्या छपरातून गेल्या साली रचून ठेवलेल्या कपाशीच्या काड्या आणि बांधावरची बाभूळ गाडी भरून घेऊन आला. शेळ्यांच्या गोठ्यावर घालायला ठेवली होती ती. काड्या भराभर पेटल्या, बाभळीनं वेळ घेतला. अक्काला पूर्ण जायला संध्याकाळ झाली.

नवं लुगडं तिच्या अंगावर घातलं. एक-दोघी म्हणाल्या, झोक्याचं ते लुगडं घालायचं होतं, तिचा जीव होता त्यात. जीव कुठला लुगड्यात? चांगलं धडधाकट लुगडं जाळायचं कशाला, आणि पुढच्या आखाजीला काय बांधायचं? ते माझ्या पेटीत वरच ठेवलंय. गाठीच्या जागी पडलेली चुणी धुऊनही गेली नाही आणि सालीचा एक तपकिरी डाग आहे. सून म्हणते, नेसत नाही तर भांडीवालीला द्या, एक डबा तरी येईल. मी म्हणाले, हात लावू नकोस.

परवा दगडूचा फोन आला. फांदी ठीक आहे म्हणाला. आठवड्याला एकदा सांगतो, मी विचारलेलं नसताना. मग म्हणाला, "वहिनी, आखाजीले पह्यले कोन बसन?" मी म्हणाले, मी बसेन. मला चक्कर येते ती येईलच. पण फांदी तपासल्याशिवाय पोरींना बसवायचं नाही, आणि तपासायला पोरींना बसवता येत नाही. तो म्हणाला, तुमच्यावरून काय समजन? अक्काचंच वाक्य. तेही खरं आहे. म्हणून मी मांडीवर गव्हाचं पोतं घेऊन बसणार आहे. पोतं दगडू आणेल. त्याचं तोंड सुतळीनं शिवू नको, असं त्याला बजावलंय. सुतळी म्हणजेही दोरच.